दुसऱ्याच्या हातची शिवण

भुईगावात डेल्फिनच्या दुकानाला पाटी नाही. कधी नव्हती. "पाटी कशाला, ज्याला यायचं तो येतो," असं ती म्हणायची, आणि खरं सांगायचं तर येणारे यायचेच. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशीनं, एक लांब टेबल, भिंतीला कपडे टांगायची दांडी आणि दारात केळीची सावली, एवढंच ते दुकान. पण आजूबाजूच्या चार गावांतल्या मुली चाळीस वर्षं तिच्याच हातचा गाऊन घालून चर्चमध्ये लग्नाला उभ्या राहिल्या. बाईचा हात सोन्याचा होता, यात कोणाचं दुमत नव्हतं. स्वभावाचं विचाराल, तर त्यावर मात्र गावात बरीच मतं होती.

एकसष्ट वर्षांची ही बाई एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे तरुणपणी तोंडावर विचारायची कोणाची टाप नव्हती आणि आता विचारण्यात काही राम उरला नव्हता. आई होती तोवर घरात दोन ताटं वाढली जायची. आई गेल्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर वर्षभराने जीना कामाला आली.

जीना गावातलीच, आता पस्तिशीला पोचलेली. कमी बोलणारी, पण मशीनवर बसली की बघत राहावं अशी. तिच्या सोबतीला गेली दोन वर्षं सुमेधा होती. ती मूळची साताऱ्याकडची, उमेळ्याला वाडी तोडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत राहायची आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. दोघी सकाळी दहाला यायच्या, सहाला जायच्या. डेल्फिन त्यांना काम द्यायची. देत नव्हती असं अजिबात नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिच्यावर अन्याय व्हायचा. बाह्या जीनाला, खालची पट्टी आणि बटणं सुमेधाला, सगळं व्यवस्थित वाटून द्यायची. मग दोघी फाटकाबाहेर पडल्या की ही बाई कपभर चहा घ्यायची, दार लोटायची, ब्लेड हातात धरायची आणि त्या दोघींनी दिवसभर घातलेल्या शिवणी उसवायला बसायची.

हो, उसवायला. उसवायची आणि स्वतःच्या हाताने पुन्हा शिवायची. जेवणवेळेपर्यंत तिचं हे चालायचं. सकाळी सगळे कपडे जसेच्या तसे दांडीवर. तिला वाटायचं, कोणाला पत्ता नाही.

याला कारणही तिच्याकडे तयार होतं. दुकान नवं असताना एका मदतनीस बाईवर विश्वास ठेवून तिने एका नवरीचा गाऊन न तपासता दिला होता. लग्नाच्या दिवशी नवरीने फुलांचा गुच्छ वर केला आणि काखेतली शिवण सगळ्या चर्चसमोर उसवली. मागच्या बाकांवर लोक खुसूखुसू हसले. डेल्फिन तिथेच बसलेली होती. नवरीची आई त्यानंतर रस्त्यात भेटली तरी तोंड फिरवून जायची. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातची शिवण दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

कारण खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. त्या प्रकारानंतर कितीतरी वर्षं ती एकटीच सगळं शिवायची, उसवायचा प्रश्नच नव्हता. उसवणं सुरू झालं ते आई गेल्यावर. सहा वाजता काम संपलं तर साडेसहाला काय करायचं, हा प्रश्न तेव्हा घरात आला आणि खुर्ची ओढून बसला. टीव्हीवर ती माणसं ओरडत असतात, ते तिला सोसत नसे. शेजारी व्हिव्हियनकडे जावं तर तिच्या घरी सुना, नातवंडं, आपण गेलो की सगळे जरा सावरून बसतात. त्यापेक्षा शिवण बरी. उसवलेलं पुन्हा शिवेपर्यंत वेळ कसा जातो कळत नाही. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती आणि स्वतःशीही फारसं बोलत नसे.

तिचा भाऊ एडवर्ड विरारला राहायचा. मुंबईच्या एका कंपनीत साहेब म्हणून निवृत्त झालेला. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो तासभर बहिणीकडे यायचा आणि तेवढ्या वेळात तिला नोकरीतले धडे द्यायचा. "काम वाटून देता यायला पाहिजे, डेल्फिन. नुसतं द्यायचं नाही, द्यायचं आणि मग हात काढून घ्यायचा. मी चाळीस माणसं सांभाळली." ती म्हणायची, "तुझ्या फायलींना काखेत शिवण नव्हती." आणि त्याच्यापुढे केळी ठेवायची.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता होता मोठी ऑर्डर आली. नऊदहा वर्षांची मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात, ते पहिलं कम्युनियन. मुलींना पांढरे झगे लागतात, आणि दरवर्षी त्यात चढाओढ. कोणाला खडे, कोणाला जाळी, कोणाचा झगा इतका फुललेला की बाकावर तिघींची जागा एकटीच खाणार. फादरांनी या वेळी सभा घेऊन सांगून टाकलं की सगळ्या मुलींचे झगे एकसारखे, साधे, एका ठिकाणी शिवलेले. अडतीस झगे. एका ठिकाणी म्हणजे कुठे, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

आणि नेमकं तेव्हाच डेल्फिनचं मनगट मोडलं. वरच्या फळीवरचा पांढऱ्या कापडाचा तागा काढायचा होता. सुमेधा दोन हातांवर बसलेली, चांगली उंच, पण तिला सांगायचं म्हणजे तिने काम सोडून उठायचं, तागा कसा धरायचा ते समजावायचं, नकोच ते. बाई स्वतः स्टुलावर चढली आणि ताग्यासकट खाली आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, सहा आठवडे.

एडवर्ड मधल्या वारी धावत आला. त्याला खरंतर थोडा आनंदच झाला होता. त्याने कागद घेतला आणि कोण काय करणार, कधीपर्यंत करणार हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं. कापड बेतणं जीना. अंगाची शिवण जीना आणि सुमेधा. बाह्या जीना. खालची पट्टी, बटणं, इस्त्री सुमेधा. सर्वांत खाली डेल्फिन, आणि तिच्या नावापुढे, फक्त बघणे.

"एवढंच?" ती म्हणाली.

"तेच सगळ्यात अवघड आहे," एडवर्ड म्हणाला. माणूस एरवी वायफळ बोलायचा, पण हे बरोबर बोलला.

पहिल्या दिवशी जीनाने कात्री हातात घेतली तेव्हा डेल्फिन खुर्चीत बसून घामाघूम झाली. या दुकानात कापड बेतायचं काम आजवर दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. जीनाने खडूने रेघ मारली, थांबली, पुन्हा मोजलं आणि न बोलता कापत गेली. डेल्फिनच्या तोंडात चार वेळा सूचना आली, तीन वेळा तिने गिळली. दिवसामागून दिवस दांडी भरत गेली. एकाच बेताचे, एकाच पांढऱ्या रंगाचे झगे. कोणता कोणाचा, हे फक्त आत गळ्यापाशी टाचलेल्या चिठ्ठीवर. पंचवीस झाले, तीस झाले. वाईट दिसत नव्हते. वाईट दिसत नव्हते हेच तिला कुठेतरी टोचत होतं, कबूल करायला नको वाटलं तरी.

आणि संध्याकाळ तर खायला उठायची. एका हाताने ना धड भांडी घासता येत, ना शिवता येत. खोलीत मशीनं झाकून ठेवलेली. पुढच्या रस्त्याने समुद्रावर फिरायला जाणाऱ्यांच्या गाड्या, त्यांची गाणी, आणि मग तेही नाही. ती दांडीसमोर खुर्ची ओढून नुसती बसून राहायची.

कम्युनियनला नऊ दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी ती उठली आणि एक झगा खाली काढला. फक्त बघायला. बघणे तिच्या नावापुढे लिहिलेलंच होतं. सुमेधाने घातलेली खालची पट्टी एका जागी जरा ओढल्यासारखी वाटली. ब्लेड डाव्या हातात कधी आलं ते तिलाही कळलं नाही. डाव्या हाताने वेळ लागला, पण पट्टी उसवली. मग दुसरा झगा. मग तिसरा. तिसऱ्याची बाही उलटून बघितली तर आत दुहेरी दोऱ्याने घातलेले जाड, हाताचे टाके. एवढा जाड दोरा या मऊ कापडाला? जीनाकडून ही अपेक्षा नव्हती. तिने एक बाही मनगटापासून उसवली, दुसरीही उसवली, आणि खांद्यापाशी येता येता ब्लेड सटकलं. कापडाला बोटभर चीर गेली.

तेव्हा ती थांबली. मांडीवर तीन उसवलेले झगे होते, आणि सुई धरायचा हात प्लास्टरमध्ये होता. इतक्या वर्षांत उसवताना तिच्या मनात कधी आलंच नव्हतं की एखाद दिवशी पुढे शिवताच येणार नाही.

तिने व्हिव्हियनला हाक मारायचा विचार केला, पण काय सांगणार? झगे लपवायचा विचारही केला, आणि स्वतःचीच लाज वाटून सोडून दिला. शेवटी तिने ते टेबलावर मांडून ठेवले आणि न जेवता पडून राहिली.

सकाळी जीना दहाच्या आधीच आली. सुमेधा अजून यायची होती. टेबलावरचे झगे तिने एकेक करून उचलले. तिसऱ्याची चिठ्ठी वाचायला ती थांबली नाही.

"हा एलिसाचा," ती म्हणाली.

एलिसा म्हणजे जीनाची मुलगी. नऊ वर्षांची. तान्ही असताना याच खोलीत, याच टेबलाखाली गोधडीवर झोपायची. चालायला लागली तेव्हा डेल्फिनच्या मशीनच्या पायपट्टीवर बसून झोके घ्यायची. ती यंदा कम्युनियनला आहे हे डेल्फिनला ठाऊक होतं. अडतीस झग्यांत एक तिचा असणार, हे काही डोक्यात आलं नाही.

"दोरा दुहेरी होता," डेल्फिन म्हणाली.

"ती घाबरली की बाही दातात धरून ओढते. तुम्ही पाहिलंय, आंटी. म्हणून दुहेरी घातला."

पाहिलं होतंच. किती वेळा तिने स्वतः त्या पोरीच्या तोंडातून बाही काढली होती.

"मला विचारायचंत," जीना म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवेना. "दुहेरी का घातलास, एवढं विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"मला माफ कर."

जीनाने झगा मांडीवर घेतला आणि चिरीवरून अंगठा फिरवला. "अकरा वर्षं झाली, आंटी. रोज सकाळी येऊन मी माझी शिवण बघते, आणि ती माझी नसते. तुम्हाला काय वाटलं, मला माझा टाका ओळखू येत नाही? पहिल्या वर्षी वाटलं, आपल्याला येत नाही, शिकायला पाहिजे. शिकले. मग एकदा मी मुद्दाम वाकडी शिवण घालून गेले. दुसऱ्या दिवशी जीव ओतून सरळ घातली. तुम्ही दोन्ही उसवल्या होत्या."

डेल्फिनला ती नवरी आठवली, काखेतली शिवण, खुसूखुसू हसणारे लोक. तो सगळा किस्सा जिभेच्या टोकावर आला. तो तिने गिळला, आणि आयुष्यात कोणाला न सांगितलेलं सांगून टाकलं.

"मला संध्याकाळ जात नाही गं. तुम्ही दोघी गेलात की घर अंगावर येतं. तुझ्या शिवणीत काही खोट नव्हती. कधीच नव्हती. मला बसायला काहीतरी लागायचं."

जीनाने डोळे पुसले. म्हणाली, "मग तसं सांगायचं होतं. थांबले असते की मी अर्धा तास."

एवढ्यात सुमेधा बडबडत आत शिरली आणि दोघींची तोंडं बघून गप्प झाली, जे तिच्या बाबतीत सहसा घडत नसे.

झगे झाले. तिन्ही पुन्हा शिवले, एलिसाच्या झग्याला जीनाने खांद्याचा नवा तुकडा बेतून बसवला आणि बाहीला पुन्हा दुहेरी दोरा घातला. डेल्फिनने उरलेले आठ दिवस एकाही कपड्याला हात लावला नाही. जीना त्या आठही दिवस साडेसहापर्यंत थांबली. थांबून काही बोलत नसे, काम करत असे, पण थांबली. कम्युनियनच्या रविवारी अडतीस मुली एका रांगेत वेदीकडे गेल्या, आणि मागच्या बाकावर बसलेल्या डेल्फिनला कोणती शिवण कोणाची हे शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. एलिसा आपली पाळी येईपर्यंत बाही चावत होती. बाही टिकली. गावाने डेल्फिनचं कौतुक केलं, तेव्हा तिने प्रत्येकाला सांगितलं की हे जीना आणि सुमेधाचं काम. लोकांना तो नम्रपणा वाटला.

मे महिना संपता संपता जीनाने सांगितलं की ती आणि सुमेधा मिळून उमेळ्याला, सुमेधाच्याच इमारतीत खाली, स्वतःचं दुकान काढताहेत. ठरलेलं जुनंच होतं, ती म्हणाली, फक्त सांगायचा धीर होत नव्हता. डेल्फिनला ओरडावंसं वाटलं, आता कुठे मला जमायला लागलं आणि आता तू जातेस? ती म्हणाली, "जा. चांगलं करशील." आणि कापायची मोठी कात्री तिला देऊन टाकली. जीना गेल्यावर ती बराच वेळ आईच्या खुर्चीत बसून रडली. त्यात लपवण्यासारखं काय आहे, रडू येण्यासारखीच गोष्ट होती.

मनगट बरं झालं होतं. बारीकसारीक कामं यायची, एखादी चेन बदलायची, एखादा झगा आवळायचा. एकटीला पुरेल एवढं होतं, आणि तपासायला दुसऱ्या कोणाची शिवण नव्हती.

नोव्हेंबरात गावातले सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातात. डेल्फिन आईच्या थडग्यावरचं गवत काढत होती तेव्हा बाजूच्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, एकीने आपला शेवटचा झगा, पुरताना घालायचा, शिवून ट्रंकेत ठेवला, दुसरीचा व्हायचाय. आपलाही करून ठेवावा, असं डेल्फिनला वाटलं. आपल्यामागे एडवर्ड कुठून काय विकत आणेल, काही भरवसा नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पांढरं सुती कापड आणलं, बेतलं, पहिली शिवण घातली. संध्याकाळी चहा घेतला आणि ती शिवण उसवली. उसवून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. शिवण तर तिची स्वतःचीच होती, आणि चांगली होती.

सकाळी तिने कापडाचे तुकडे पिशवीत भरले, रिक्षा केली आणि उमेळ्याला गेली.

जीनाच्या दुकानाला पाटी होती, निळी, मोठी. आत सुमेधा कोणाशी तरी फोनवर मापावरून हुज्जत घालत होती. जीना उठून पुढे आली. डेल्फिनने पिशवी टेबलावर ठेवली आणि झगा कशासाठी ते सांगितलं. जीनाचा चेहरा उतरला.

"एवढ्यात कशाला, आंटी?"

"एवढ्यात नाही. पण हा अंगावर चढेल तेव्हा मला तपासता येणार नाही ना. म्हणून तुझ्याकडे आणला."

जीनाने वाद घातला नाही. टेप घेतला आणि तिचं माप घ्यायला लागली. खांदा, छाती, कंबर, हाताची लांबी. चाळीस वर्षं डेल्फिनने गावाची मापं घेतली, तिचं माप कोणी घेतलं नव्हतं. जीनाची बोटं पाठीवरून खांद्याकडे गेली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कोणाचा हात अंगाला लागून कितीतरी महिने झाले.

"खांदे उतरलेत तुमचे," जीना म्हणाली. "नीट जेवता का? बेतायचं आणि शिवायचं मी करते. खालची पट्टी सुमेधा करील."

डेल्फिनने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "करू दे."

जीनाने वहीत मापं लिहिली. मग वहीतून मान वर न करता म्हणाली, "गुरुवारी ट्रायलला या. आणि नंतर एकदा, पट्टी झाल्यावर. कदाचित तिसऱ्यांदाही यावं लागेल."

असल्या सैल झग्याला ट्रायल लागत नाही. त्याचं माप घेतात, तेसुद्धा उगाच. हे डेल्फिनला ठाऊक नसणार तर दुसऱ्या कोणाला? ती जीनाच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.